फॉल इन, फॉल आउट : क्रियापदामागे चालणाऱ्या छोट्या शब्दांचा इतिहास

आज लढाईची गोष्ट थोडी कमी आणि भाषेची जास्त. पण काळजी करू नका, किल्ले आहेत, राजा आहे, कैद आहे आणि एक भयंकर अपघातही आहे. शिवाय विषय आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली, कुठल्याही मराठी घरात मुलांच्या इंग्रजीचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते : "मोठमोठे शब्द येतात हो, पण ते गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट अवे यांनी डोकं फिरतं."

तक्रार खरी आहे. मी फौजेत तीस वर्षांहून अधिक काळ काढला आणि जवानांना शिकवण्याचं कामही पुष्कळ केलं. प्रमोशनच्या परीक्षेसाठी इंग्रजी शिकणारा जवान 'सरेंडर' हा शब्द एका दिवसात पाठ करायचा. पण 'गिव्ह अप' म्हटलं की विचारायचा, "साहेब, गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. वर देणे म्हणजे शरण जाणे कसं?" मी म्हणायचो, प्रश्न अगदी बरोबर आहे. याचं उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात कमी आणि इतिहासात जास्त सापडतं.

आधी फौजेतली उदाहरणं घेऊ, कारण ती तुमच्या कानावरची आहेत. 'फॉल इन' म्हणजे रांगेत उभे राहा. शाळेतल्या स्काउटपासून पोलीस मैदानापर्यंत आपण त्याचं 'फॉलिन' करून टाकलं आहे. 'फॉल आउट' म्हणजे रांगेतून बाहेर पडा. 'कॅरी ऑन' म्हणजे चालू ठेवा. 'स्टँड टू' म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी, जेव्हा हल्ल्याची शक्यता जास्त, तेव्हा हत्यार घेऊन आपापल्या मोर्चात तयार राहणं. मूळ शब्दप्रयोग 'स्टँड टू आर्म्स' असा, त्यातलं 'आर्म्स' गळून गेलं. 'स्टँड डाउन' म्हणजे ती तयारी संपली. आणि 'हँडिंग ओव्हर, टेकिंग ओव्हर' तर आता तलाठी कचेरीपासून बँकेपर्यंत सगळीकडे चालतं.

आता गंमत बघा. 'फॉल' म्हणजे पडणे. फॉल इनमध्ये कोणी पडत नाही, फॉल आउटमध्येही नाही. त्याच 'फॉल आउट'चा घरगुती अर्थ भांडण होणे. आणि अणुस्फोटानंतर आकाशातून खाली येणाऱ्या किरणोत्सारी धुळीलाही 'फॉलआउट' हेच नाव पडलं. शब्द तेच दोन, अर्थ तीन, आणि तिन्ही एकमेकांपासून कोसभर दूर.

हे असं का झालं? त्यासाठी हजार-बाराशे वर्षं मागे जावं लागेल.

जुनी इंग्रजी ही जर्मन कुळातली भाषा. तिच्यात क्रियापदाच्या आधी छोटे शब्द जोडण्याची पद्धत होती, आपल्या संस्कृतातल्या उपसर्गांसारखी. संस्कृतात 'हृ' हा एक धातू. त्याला उपसर्ग लावले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. मूळ धातू एकच, पण आहार आणि संहार यांत केवढं अंतर! जुन्या इंग्रजीतही असंच चालायचं. आजच्या इंग्रजीत त्याचे अवशेष आहेत : 'फरगेट', 'फरगिव्ह', 'विथस्टँड', 'ओव्हरकम', 'अंडरस्टँड'. यांत छोटा शब्द पुढे, क्रियापद मागे.

पुढे हळूहळू क्रम उलटला. छोटा शब्द क्रियापदाच्या मागे जाऊ लागला. जुन्या इंग्रजीत 'आउट', 'अप' असे शब्द दोन्हीकडे दिसत, कधी पुढे, कधी मागे. पण जे उपसर्ग क्रियापदाला चिकटलेले होते, त्यांच्यावर उच्चारात जोर नव्हता. ते झिजत गेले, नाण्यावरचा छाप झिजतो तसे. अर्थ दाखवण्याचं काम मग मागून येणाऱ्या, जोर देऊन उच्चारलेल्या शब्दांवर आलं. त्यात वाक्याची रचनाही बदलत होती. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या लगेच मागे पक्कं बसलं, कर्म त्याच्या मागे गेलं, आणि या छोट्या शब्दालाही मागेच जागा मिळाली.

या बदलाला आणखी एक धक्का मिळाला, तो तलवारीच्या जोरावर. इ. स. ८६५ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेकडच्या व्हायकिंगांची मोठी फौज इंग्लंडात उतरली. पुढच्याच वर्षी त्यांनी यॉर्क घेतलं. ८७८ मध्ये राजा आल्फ्रेडने एडिंग्टनच्या लढाईत त्यांचा पराभव केला, पण त्यांना देशाबाहेर काढता आलं नाही. इंग्लंडचा उत्तर आणि पूर्व भाग त्यांच्या कायद्याखाली राहिला. त्याला 'डेनलॉ' म्हणतात. तिथे इंग्रज आणि डेन शेजारी राहिले, बाजारात बोलले, लग्नं झाली. सैनिक स्थायिक झाला की त्याची भाषा चुलीपर्यंत पोचते.

या लोकांच्या नॉर्स भाषेत चिकटलेले उपसर्ग जवळजवळ संपलेलेच होते. ते क्रियापदानंतर 'वर', 'खाली', 'बाहेर' असे शब्द सर्रास वापरत. इंग्रजीतला बदल त्यांच्यामुळेच सुरू झाला असं म्हणणं बरोबर नाही, पण त्याला जोर मिळाला असं अनेक अभ्यासक मानतात. शिवाय 'टेक' आणि 'गेट' ही दोन क्रियापदं इंग्रजीला नॉर्स भाषेकडूनच मिळाली. विचार करा, टेक ऑफ, टेक ओव्हर, गेट अप, गेट आउट, हा सगळा संसार त्या दोन क्रियापदांवर उभा आहे.

आता आपल्या जवानाच्या प्रश्नाकडे. 'गिव्ह अप' म्हणजे शरण जाणे कसं?

पूर्व इंग्लंडात पीटरबरो नावाचं गाव आहे. तिथल्या मठातले भिक्षू वर्षावार बखर लिहीत असत. १११६ मध्ये मठाला आग लागली. त्यानंतर त्यांनी दुसरीकडची प्रत आणून बखर नव्याने उतरवली आणि पुढे ११५४ पर्यंतच्या नोंदी केल्या. १०६६ मध्ये नॉर्मन राजा विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची भाषा फ्रेंच आणि विद्वानांची लॅटिन झाली होती. अशा काळात इंग्रजीत लिहिलेली ही बखर म्हणजे भाषेच्या इतिहासाचा मोठा ठेवा आहे.

तिच्यात ११३७ या सालाखाली राजा स्टीफनच्या कारकिर्दीची हकीकत आहे. देशात यादवी माजली होती. सरदारच नव्हे, बिशपही किल्ले बांधून बसले होते. स्टीफनने सॉल्झबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि त्यांच्या नात्यातल्या चॅन्सलरला पकडून कैदेत टाकलं आणि त्यांनी किल्ले सोडेपर्यंत त्यांना डांबून ठेवलं. 'किल्ले सोडून दिले' हे सांगताना बखरकाराने 'गिव्ह अप'चंच जुनं रूप वापरलं आहे. जुन्या इंग्रजीत सोडून देण्याला उपसर्ग पुढे असलेलं वेगळं क्रियापद होतं. इथे उपसर्ग गेला आणि 'अप' मागे आला. नॉर्स भाषेतही अगदी अशीच जोडी होती, आणि पीटरबरो तर डेन लोकांच्या वस्तीच्याच पट्ट्यातलं.

म्हणजे जवानाला मी जे सांगायचो ते असं : बाबा, 'गिव्ह अप' हा शब्द किल्ला ताब्यात देण्यातून आपल्यापर्यंत आला आहे. आधी किल्ला दिला जायचा, मग हत्यार, मग आशा, आणि आता सिगारेटसुद्धा. यातल्या 'अप'चा अर्थ 'वर' असा नाही. तो 'पुरतं, संपूर्ण' असा आहे. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप. मराठीत आपण काय म्हणतो? खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक. तिथे 'टाकणे' म्हणजे फेकणे थोडंच असतं! आपलं 'टाक' जे काम करतं, तेच त्यांचं 'अप' करतं. हे ऐकल्यावर जवानाच्या चेहऱ्यावर जो उजेड पडायचा, तो बघण्यासारखा असे.

खरं तर मराठीचा हा खेळ इंग्रजीइतकाच अवघड आहे. आपण त्यातच वाढलो म्हणून जाणवत नाही. एक 'करून' घ्या. करून टाक, करून ठेव, करून पाहा, करून दे, करून घे, आणि 'हे काय करून बसलास!' प्रत्येकात छटा वेगळी. परप्रांतातून पुण्यात आलेल्या माणसाला विचारा 'करून ठेवणे' आणि 'करून बसणे' यातला फरक. तोही आपल्या जवानासारखाच डोकं खाजवेल. आपण मुख्य क्रियापदामागे दुसरं क्रियापद उभं करतो, इंग्रज तिथे 'अप', 'आउट', 'ऑफ' उभं करतो. पहारेकरी वेगळे, पण चौकी तीच.

आणखी एक गोष्ट, जिचा आपल्याला अभिमान वाटावा. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायात उपसर्गांची जागा सांगितली आहे. नियम असा की उपसर्ग धातूच्या आधी येतो. पण त्याने लगेच पुढे नोंद केली की वेदांच्या भाषेत तो धातूच्या नंतरही येतो, आणि दोघांच्या मध्ये दुसरे शब्दही येऊ शकतात. इंग्रजी व्याकरणात 'टर्न द लाइट ऑफ' शिकवताना जी गोष्ट सांगतात, तीच ही. इंग्रजी आणि संस्कृत एकाच मोठ्या कुळातल्या भाषा आहेत. संस्कृतात उपसर्ग पुढे जाऊन धातूला कायमचा चिकटला, इंग्रजीत तो मागे राहून मोकळा झाला. आणि जर्मनमध्ये तो साध्या वाक्यात थेट शेवटी जाऊन बसतो.

इंग्रजीत दोन्ही पद्धतींच्या खुणा राहिल्यामुळे कधीकधी भलताच घोटाळा होतो. 'लुक ओव्हर' म्हणजे नजर घालणे, तपासणे. 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेआड करणे. इन्स्पेक्शनला आलेल्या अधिकाऱ्याने यातलं नेमकं काय केलं, यावर पुष्कळ काही अवलंबून असतं! 'अपहोल्ड' म्हणजे उचलून धरणे, 'होल्ड अप' म्हणजे अडवणे किंवा लुटणे. 'ओव्हरटेक' म्हणजे पुढे जाणे, 'टेक ओव्हर' म्हणजे ताबा घेणे. जागा बदलली की अर्थ बदलला.

डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या जोड्यांचा खास उल्लेख केला आणि परक्या माणसाला याच सर्वांत जड जातात असं बजावलं. त्यांच्या उदाहरणांत 'फॉल ऑन' म्हणजे हल्ला करणे आणि 'फॉल इन' म्हणजे मान्य करणे ही दोन्ही आहेत. पण या प्रकाराला सर्वमान्य नाव नव्हतं. ते मिळालं १९२५ मध्ये. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने आपल्या पुस्तकात 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापलं आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं नमूद केलं. म्हणजे वस्तू हजार वर्षांची, नाव शंभर वर्षांचं.

त्यानंतर एक मजेदार प्रयोग झाला. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये 'बेसिक इंग्लिश' मांडली. शब्द फक्त ८५०, त्यांत क्रियापदं अवघी १८. बाकीचं काम 'पुट', 'टेक', 'गो', 'गेट' यांच्यामागे छोटे शब्द लावून भागवायचं. चर्चिलना ही कल्पना फार आवडली. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी तिची जाहीर भलामण केली. कागदावर ती सोपी दिसते. पण 'पुट', 'अप' आणि 'विथ' हे तिन्ही शब्द येणाऱ्या माणसाला 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, हे कळायचं कसं? शब्द कमी केले म्हणून भाषा सोपी होत नाही. अवघडपणा फक्त दुसऱ्या खिशात जातो.

इथपर्यंत गंमत होती. आता गंभीर भाग.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा लॉस रोडिओस विमानतळ. जवळच्या दुसऱ्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे अनेक विमानं इकडे वळवली होती. दाट धुकं. धावपट्टीवर दोन जंबो, एक डच कंपनीचं, एक अमेरिकन. अमेरिकन विमान अजून धावपट्टीवरून सरकत होतं. डच विमान उड्डाणाच्या टोकाला उभं होतं, आणि परवानगी मिळण्याआधीच त्याच्या कॅप्टनने वेग घेतला. त्याच वेळी त्यांच्या बाजूने रेडिओवर संदेश गेला, त्यातले शब्द होते, आम्ही आता 'अॅट टेक-ऑफ' आहोत. नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. सांगणाऱ्याचा अर्थ, आम्ही निघालो. काही भाषाअभ्यासकांनी दाखवून दिलं आहे की डच भाषेत 'काम चालू आहे' हे सांगण्याची जी रचना आहे, तिचा साचा या 'अॅट'मागे असावा.

नियंत्रकाने उत्तर दिलं, 'ओके', आणि मग 'स्टँड बाय'. रेडिओवर 'स्टँड बाय' म्हणजे थांबा. पण नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन विमानानेही संदेश पाठवला. दोन संदेश एकमेकांवर आदळले, आणि डच कॉकपिटमध्ये 'ओके'नंतरचं नीट ऐकू आलं नाही. ५८३ माणसं गेली. विमानांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अपघात. कारणं अनेक होती : धुकं, घाई, परवानगीशिवाय केलेलं उड्डाण. पण त्या साखळीत 'अॅट' आणि 'टेक-ऑफ' या चिमुकल्या शब्दांचीही एक कडी होती.

त्यानंतर नियम झाला. 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. जिथे जिवाचा प्रश्न, तिथे एका शब्दाला एकच अर्थ.

आपल्या देशातही १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर झाली. ३४९ माणसं गेली. कझाक विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं होतं, आणि चौकशीत त्या वैमानिकांचं अपुरं इंग्रजी हाही मुद्दा पुढे आला. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजी बोलण्या-समजण्याची किमान पातळी ठरवून दिली. आणि ती कसोटी साहित्यिक इंग्रजीची नाही, साध्या आणि स्पष्ट बोलण्याची आहे.

फौजेतही हेच. लेखी हुकमात आम्ही 'कॅप्चर', 'डिस्ट्रॉय', 'विथड्रॉ' असे एकेक ठरलेले शब्द वापरतो. 'टेक आउट' म्हटलं तर एकाला वाटेल जखमींना बाहेर काढा, दुसऱ्याला वाटेल शत्रूची चौकी उडवा. कवायतीच्या हुकमातही तेच शहाणपण आहे. 'पीछे मुड' किंवा 'अबाउट टर्न' यांत दिशा आधी सांगतात आणि क्रियापद शेवटी, म्हणजे जवानाला तयारीला वेळ मिळतो आणि शेवटच्या शब्दावर सगळी पलटण एकदम वळते. बोलीतला क्रम वेगळा असेल, पण हुकमाचा क्रम कामाच्या गरजेने ठरतो.

आता तुमच्या मुलानातवंडांसाठी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, छोटा शब्द एकटा पाठ करू नका, वाक्यासकट घ्या. आधी जागेचा अर्थ बघा, 'टेक ऑफ युवर शूज', मग त्यातून निघालेला. बहुतेक ठिकाणी धागा सापडतो.

दुसरी, कर्माची जागा. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही चालतात. पण 'इट', 'हिम', 'देम' आलं की ते मध्येच घालायचं : 'टर्न इट ऑफ'. 'लुक आफ्टर हिम' मध्ये मात्र 'आफ्टर' हे शब्दयोगी काम करतं, म्हणून 'हिम' त्याच्या मागेच राहतं. कानाने ओळखायचं असेल तर जोर बघा. 'टर्न इट ऑफ' मध्ये जोर 'ऑफ'वर येतो, 'लुक आफ्टर हिम' मध्ये 'लुक'वर.

तिसरी, देश बदलला की अर्थ बदलतो. आपल्याकडे 'पास आउट' म्हणजे शिक्षण पूर्ण करणे. खडकवासला किंवा डेहराडूनची पासिंग आउट परेड कोणाला माहीत नाही? पण अमेरिकेत जाऊन 'माझा मुलगा जूनमध्ये पास आउट झाला' म्हणालात, तर ते विचारतील, आता शुद्धीवर आहे ना?

आणि शेवटचं, पालकांसाठी. मुलाखतीत 'एक्स्टिंग्विश' बोलणारा गावाकडचा मुलगा 'पुट आउट'ला अडखळला, तर त्याला कमी लेखू नका. त्याने इंग्रजी पुस्तकातून घेतली आहे, आणि पुस्तकांत लॅटिन-फ्रेंचाकडून आलेले जड शब्दच जास्त भेटतात. हे छोटे शब्द अंगणातले, चुलीजवळचे. ज्याच्या घरात ते बोलले जात नाहीत, त्याने ते मेहनतीनेच मिळवायचे असतात. माझ्या पलटणीत असे कितीतरी जवान होते. त्यांचं इंग्रजी अडखळायचं, पण समजलेला हुकूम त्यांनी कधी चुकवला नाही. भाषेची परीक्षा घ्या, पण त्या परीक्षेने माणूस तोलू नका.

आज इतकंच. पुढच्या भागात पुन्हा एखाद्या लढाईकडे वळू. तोपर्यंत, कॅरी ऑन. जय हिंद.